‘हाऊ लाँग विल इट टेक?’ला मी ‘फाइव्ह डेज’ म्हणाले

वाचकाचं पत्र, थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका गावची मुलगी, वय २६, बारावीपर्यंत शिक्षण, सगळं मराठी मीडियम. दोन वर्षं झाली, रोज बसनं बेळगावला येऊन एका मेडिकल दुकानात काउंटरवर काम करते. गिऱ्हाइकांत मेडिकल कॉलेजची बाहेरच्या राज्यांतली पोरं-पोरी आणि कॅम्पातल्या मिलिटरीवाल्यांच्या घरची माणसं बरीच. मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी चिठ्ठी घेऊन आली, त्यातलं एक औषध दुकानात नव्हतं, हिनं मागवून देते म्हणून सांगितलं. त्यावर त्या मुलीनं विचारलं, "हाऊ लाँग विल इट टेक?" हिला वाटलं, औषध किती दिवस घ्यायचं ते विचारतेय. चिठ्ठीवर पाच दिवस लिहिलेलं, म्हणून ही म्हणाली "फाइव्ह डेज". ती मुलगी "दॅट्स टू लाँग" म्हणून निघून गेली. औषध खरं तर दुसऱ्या दिवशीच येणार होतं. मालक सगळ्यांसमोर बोलले की इंग्लिश येत नसेल तर काउंटरवर उभं राहू नको, मागं माल लावत बस. त्या दिवसापासून ही मोबाइलवर ‘टेक’चे अर्थ शोधून वहीत लिहितेय, चाळीसच्या वर गेलेत, पाठ होत नाहीत. विचारते की हे सगळे अर्थ पाठ करायचा काही सोपा उपाय आहे का, का ६००० रुपये भरून स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू, का सरळ मागं माल लावायचं काम घेऊ. आणि शेवटी लिहिते, "बाई, मराठी मीडियमवाल्यांना हे कधी जमतच नाही का?"

---

तू ‘बाई’ म्हणून हाक मारलीस, मीही तुझ्या आईच्याच वयाची, आयुष्यभर मराठी शाळेत इंग्लिश शिकवलं, म्हणून तुला ‘तू’च म्हणते.

आधी एक काम कर. ती चाळीस अर्थांची वही मिटून ठेव. फाडू नको, तिचा उपयोग पुढं सांगते, पण पाठांतर आजपासून बंद.

आता त्या दिवशी काय झालं ते नीट बघूया. तुला ‘टेक’ ऐकू आलं, बरोबर ऐकू आलं. ‘हाऊ लाँग’ म्हणजे किती दिवस, किती वेळ, तेही तुला कळलं. मेडिकलमध्ये दोन वर्षं काढलेल्या माणसाच्या डोक्यात ‘किती दिवस’ आणि ‘टेक’ एकत्र आले की औषधाचा कोर्सच येणार, त्यात नवल ते काय. चिठ्ठी बघून आकडा सांगितलास तोही बरोबर. म्हणजे सगळं वाक्य तू पकडलंस आणि निसटला तो एक बारका शब्द, ‘इट’. तिला कोर्स विचारायचा असता तर ती म्हणाली असती "हाऊ लाँग शुड आय टेक इट?" यात ‘आय’ आहे, घेणारी ती आहे. ती म्हणाली "हाऊ लाँग विल इट टेक?" इथं घेणारं माणूस कुणी नाहीच, ‘इट’ म्हणजे ते औषध यायचं काम, आणि ते काम काय घेणार, तर वेळ. आपण मराठीत म्हणतो "किती वेळ लागेल?" काम वेळ घेतं असंही म्हणतो की आपण कधी कधी, "या कामानं लई वेळ घेतला", पण प्रश्न विचारताना तोंडात ‘लागेल’च येतं. तुझ्या डोक्यात ‘टेक’च्या पुढं ‘घेणे’ एवढाच खण होता, ‘लागणे’चा नव्हता. चूक एवढीच झाली. चाळीस अर्थ येत नव्हते म्हणून नाही झाली.

आणि हा एकच खण ठेवला कुणी? आम्हीच. मी स्वतः फळ्यावर किती वर्षं लिहिलंय, टेक म्हणजे घेणे, गिव्ह म्हणजे देणे, गो म्हणजे जाणे, पोरांनी वहीत उतरवलंय, मी बरोबरची खूण केलीय. शब्द आणि अर्थ, शब्द आणि अर्थ. त्या वेळी दुसरं सुचलं नाही, पुस्तकात शेवटी तसाच तक्ता असायचा. आता तुझ्यासारख्यांची पत्रं येतात तेव्हा वाईट वाटतं, खरंच वाटतं, कारण ते शिकवणं खोटं नव्हतं पण अर्धं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी तुला सगळ्यांसमोर बोलून घ्यावं लागलं.

त्यामुळं मराठी मीडियमचा दोष म्हणशील तर तो शिकवण्याच्या पद्धतीचा. मराठी भाषेचा नाही. उलट मराठी तुला यात मदतच करणार आहे.

तू खानापूरकडची, तुला हे सांगायला नको. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दिवे लागतात, दार लागतं, घाट लागतो, तो तुझा कोण लागतो, आमटी खारट लागते, पोरगं रडायला लागतं, आणि जांबोटी-कणकुंबीकडं एकदा पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. ‘लागणे’चे किती अर्थ झाले? तू पाठ केलेस कधी? तुझ्या आजीला विचार, लागणेचा अर्थ काय, ती सांगू शकणार नाही, पण आयुष्यात एकदाही चुकली नसेल. कारण तिनं ‘लागणे’ असा सुटा शब्द कधी शिकलाच नाही. भूक लागली, दार लागलं, असं जोडीनं ऐकलं, जोडीनं वापरलं. क्रियापद एकटं शिकायचं नसतं गं, ज्याच्या संगतीनं येतं त्याच्या संगतीनंच ते लक्षात राहतं. मोल्सवर्थनं मराठी-इंग्रजी कोश केला, १८३१ साली छापला, हाताशी शास्त्रीपंडित घेऊन, तरी पुन्हा वाढवून १८५७ ला दुसरी आवृत्ती काढावी लागली. इंग्रज माणसालाही आपली क्रियापदं अशीच वर्षानुवर्षं शिकावी लागली, तेव्हा तुला एका महिन्यात ‘टेक’ आलं नाही म्हणून लाजायचं कारण नाही.

बरं, तुला तर एक सोडून दोन भाषा येतात, मराठी आणि कन्नड. रोज सकाळी बसमध्ये कंडक्टर काय म्हणतो? "टिकेट तगोरी". कर्नाटक सरकारची शक्ती योजना आल्यापासून, म्हणजे जून २०२३ पासून, आपल्याला, बायकांना, तिकीट फुकट आहे, तरी झिरो तिकीट घ्यावंच लागतं, म्हणजे ‘तगोरी’ काही सुटलं नाही. ‘तगोरी’ म्हणजे घ्या. पण कन्नडमध्ये फोटो ‘तगोत’ नाहीत, फोटो ‘तगी’ म्हणतात, बागला तगी म्हणजे दार उघड, फोटो तगी म्हणजे फोटो काढ. आपणही फोटो काढतोच, घेत नाही. इंग्लिशमध्ये मात्र फोटो ‘टेक’. वेळेचं बघ. आपल्यात वेळ लागतो, कन्नडमध्ये ‘एष्ट होत्त हिडीतैती’, म्हणजे शब्दशः किती वेळ धरतं, इंग्लिशमध्ये वेळ ‘टेक’ होतो. तिन्ही भाषांनी एकाच गोष्टीला तीन वेगळ्या बाजूंनी हात घातलाय, आणि तुला तिघींपैकी दोन तर झोपेतही बोलता येतात. हे भांडवल बेळगाव-खानापूर-निपाणीच्या माणसाकडं आहे, पुण्याच्या पोराकडं नाही.

यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण परीक्षेचं. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर परीक्षा घेतात. कन्नडमध्ये विद्यार्थी परीक्षा बरीतो, म्हणजे लिहितो. इंग्लिशमध्ये विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, अगदी आपल्या उलटं. म्हणून मराठी मीडियमची पोरं म्हणतात "आय अ‍ॅम गिव्हिंग एक्झाम" आणि कन्नड मीडियमची म्हणतात "आय अ‍ॅम रायटिंग एक्झाम", आणि दोघंही एकमेकांना समजतात, बेळगावात कुणाचं काही अडत नाही. पण परदेशातला माणूस "गिव्हिंग एक्झाम" ऐकेल तर त्याला वाटेल हे मास्तर आहेत, पेपर वाटायला चाललेत. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा पोरं आठवड्यात विसरायची नाहीत, कारण तिन्ही भाषा शेजारी ठेवल्या की फरक डोळ्याला दिसतो.

आता तुझ्या काउंटरवर येते. तू रोज हातात घेतेस त्या चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात डॉक्टर ‘आरएक्स’सारखी एक खूण करतात बघ. ती लॅटिनमधल्या ‘रेसिपे’ या शब्दाची खूण आहे आणि रेसिपे म्हणजे ‘घे’. आणि खाली ‘टीडीएस’ लिहिलेलं असतं, दिवसातनं तीनदा, त्यातला शेवटचा ‘एस’ म्हणजे ‘सुमेंडम’, त्याचा अर्थ ‘घ्यायचं’. दोन वर्षं झाली तू दिवसभर ‘टेक’च वाचतेयस, फक्त लॅटिनमधनं.

तुझ्या दुकानात हा शब्द कुठल्या कुठल्या संगतीनं येत असेल ते मी बसल्या बसल्या आठवून बघितलं. "आय विल टेक टू स्ट्रिप्स", दोन स्ट्रिप द्या, मी घेते. "डू यू टेक कार्ड्स?" इथं घेणे नाही, कार्ड चालतं का. "कॅन यू टेक धिस बॅक?" हे परत घेता का. "कुड यू टेक अ लुक?" जरा बघता का. "टेक युअर टाइम", सावकाश होऊ दे, घाई नाही. "प्लीज टेक डाउन माय नंबर", माझा नंबर लिहून घ्या. "आय टूक द राँग वन यस्टरडे", काल मी चुकीचं नेलं. "टेक केअर", हे तर सगळेच म्हणतात. बघ आता यांतली मराठी क्रियापदं, घेणे, चालणे, बघणे, होऊ देणे, लिहून घेणे, नेणे. सहा झाली, आणि ‘लागणे’ धरलं तर सात. पण एकही नवीन नाही तुला. तुझ्या कामाला लागणारं ‘टेक’ एवढंच आहे, दहा-बारा वाक्यं, चाळीस अर्थ नाहीत. विमान सांबऱ्याहून ‘टेक ऑफ’ करतं आणि पोरगी आईच्या वळणावर गेली तर ‘टेक्स आफ्टर हर मदर’, हे सगळं खरं, पण ते काउंटरवर येणार नाही, येईल तेव्हा येईल.

औषधाच्या बाबतीत मात्र एक नीट लक्षात ठेव, कारण इथं चुकून चालत नाही. पोटात जाणाऱ्या औषधाला ‘टेक’, गोळी, सिरप, कॅप्सूल. मलमाला ‘टेक’ नाही, मलम ‘अप्लाय’. डोळ्याचे थेंब ‘पुट’ किंवा ‘यूज’, इनहेलर ‘यूज’. मराठीतही आपण मलम लावतो आणि थेंब घालतो, तेव्हा हे अवघड नाही. पण मलमाच्या ट्यूबकडं बोट दाखवून तू कुणाला "टेक धिस ट्वाइस अ डे" म्हणालीस आणि समोरच्यानं शब्दशः घेतलं तर? म्हणून सांगते.

आणि याच कारणानं, समजलं नाही तर उलट विचारायचं. मला वाटतं तुझ्या सगळ्या पत्रात हीच गोष्ट राहिलीय. तू समजून चाललीस की काउंटरवरच्या माणसानं पटकन उत्तर दिलंच पाहिजे, उलट विचारलं तर इंग्लिश येत नाही हे उघडं पडेल. पण औषधाच्या दुकानात खात्री करून घेणं हे कामच आहे, चांगला फार्मासिस्ट मराठी गिऱ्हाइकालाही दोनदा विचारतो. एवढंच म्हणायचं, "यू मीन, हाऊ मेनी डेज फॉर द मेडिसिन टू कम?" व्याकरणाला थोडं इकडं-तिकडं असेल, असू दे, समोरची म्हणाली असती "येस" आणि तू म्हणाली असतीस "टुमॉरो". आणि औषध कसं घ्यायचं, किती दिवस घ्यायचं, दुधाबरोबर चालतं का, असले प्रश्न आले तर तुला उत्तर येत असलं तरी दुकानातल्या फार्मासिस्टकडं बोट दाखव, ती जबाबदारी कायद्यानंच नोंदणीकृत फार्मासिस्टची आहे. हे मी इंग्लिशसाठी म्हणत नाही, तुझ्या सुरक्षेसाठी म्हणतेय.

अजून दोन ठिकाणी आपली सगळ्यांची गाडी घसरते. तुझ्या पत्रात नाहीत, पण बाकीच्या वाचकांनाही उपयोग होईल.

पहिलं, विकत घेणं. आपण म्हणतो "शहापूरला साडी घेतली", "खडे बाजारात चप्पल घेतलं". त्याचं "आय टूक अ सारी फ्रॉम द शॉप" केलं की ऐकणाऱ्याला पैसे दिल्याचं कळतच नाही, नुसती उचलून आणली असंही वाटू शकतं. तिथं "आय बॉट अ सारी". पण दुकानात उभं राहून पसंत पडली की "आय विल टेक इट" बरोबर, घेते ही. फरक बारीक आहे, घेताना ‘टेक’ चालतं, घेतल्यावर सांगताना ‘बॉट’.

दुसरं जरा खोल आहे आणि मला फार आवडतं. आपण म्हणतो जेवून घे, लिहून घे, समजून घे, विचारून घे. कन्नडमध्येही अगदी तस्संच, ऊटा माडको, बरको, तिळको, शेवटचं ‘को’ म्हणजे आपलं ‘घे’. मराठी आणि कन्नड भाषाकुळानं वेगळ्या, पण शेजारी राहून राहून दोघींची लकब एक झालीय, जेवायचं तर स्वतःसाठी, समजायचं तर स्वतःत साठवून. इंग्लिशला ही लकब नाही. त्यामुळं असं ‘घे’ आलं की तिथं बहुतेक वेळा ‘टेक’ येत नाही. समजून घे म्हणजे नुसतं ‘अंडरस्टँड’, विचारून घे म्हणजे नुसतं ‘आस्क’, जेवून घे म्हणजे ‘ईट’ किंवा ‘हॅव युअर लंच’. लिहून घे याला तेवढं ‘टेक डाउन’ आहे, मघाशी आलंच ते. आणि लग्नात "नाव घे" म्हणतात त्या घेण्याला तर इंग्लिशमध्ये काही जागाच नाही, तिथं ‘से’ म्हणायचं आणि उखाणा समजावून सांगत बसायचं.

घेऊन ये आणि घेऊन जा यांचंही सांगून टाकते, पटकन. आपलं ‘घेऊन’ दोन्हीकडं तेच राहतं, ये किंवा जा बदलतं. इंग्लिशमध्ये सगळा शब्दच बदलतो, इकडं यायचं तर ‘ब्रिंग’, तिकडं जायचं तर ‘टेक’. उद्या येताना चिठ्ठी आणा, ‘ब्रिंग’. ही पिशवी घेऊन जा, ‘टेक’. एवढंच.

तू लिहिलंयस की इंग्लिश ही मोठ्या लोकांची भाषा, ती आपल्याला परकीच राहणार. मग हे ऐक. हे ‘टेक’ मुळात इंग्लिशचंही नाही. जुन्या इंग्लिशमध्ये घेणेला ‘निमन’ म्हणत, जर्मनमध्ये अजून ‘नेमन’ म्हणतात. हजार-अकराशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडनं नॉर्स लोक, म्हणजे व्हायकिंग, इंग्लंडात आले, लढले, आणि मग तिथंच शेती करून राहिले, लग्नं झाली, बाजार झाले, आणि त्यांचा ‘ताका’ हा शब्द शेजारच्या इंग्लिश माणसाच्या तोंडात बसला. हळूहळू ‘निमन’ गेलं आणि ‘टेक’ राहिलं. ‘गेट’ही त्यांचंच, ‘दे’ म्हणजे ‘ते लोक’ हा शब्दसुद्धा त्यांचाच. जुन्या ‘निमन’ची इंग्लिशमध्ये उरलेली एक खूण म्हणजे ‘नम’, दातवाला डॉक्टर इंजेक्शन देतो आणि गाल बधिर होतो त्याला म्हणतात तो शब्द, मूळ अर्थ ‘घेतलं गेलेलं’, जणू संवेदनाच कुणी काढून घेतली. आपल्याकडं अण्णा, अक्का, अडकित्ता कन्नडमधनं आले आणि आज कुणाला परके वाटत नाहीत, तसंच. इंग्लिशचं इतकं घरचं क्रियापद, आणि तेही अशाच सीमेवरच्या शेजाऱ्यांकडनं आलेलं. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या शब्दाची भीतीच गेली.

आता तू विचारलेल्या तीन वाटा. पाठांतराचं झालं बोलून. क्लास लावावा का? ६००० रुपये तुझ्या पगारात लहान रक्कम नाही, म्हणून लगेच भरू नको. आधी एक दिवस जाऊन बसू देतात का विचार, आणि तिथं बसून एकच गोष्ट बघ, तासाभरात शिकवणारे किती बोलतात आणि शिकणारे किती बोलतात. पाचशे क्रियापदं अर्थासकट असला कागद हातात दिला तर उठून ये, तो कागद तुझ्याकडं आधीच आहे. समोर उभं करून गिऱ्हाईक-दुकानदार असं बोलायला लावत असतील तर मात्र विचार करायला हरकत नाही, एखादी मैत्रीण बरोबर असेल तर आणखी चांगलं.

मागं माल लावायचं काम, ते वाईट नाही. तुला खरंच आवडत असेल तर घे. पण घाबरून गेलीस तर तुला रोज आठवणार की का गेले, आणि काउंटरवर ऐकू येणारं इंग्लिशही बंद होईल, जे तुला आत्ता फुकट मिळतंय. मालकांनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे मी स्पष्ट म्हणते, चार लोकांत माणसाला असं बोललं की ते पुढं बोलायलाच घाबरतं. पण त्यांचं गिऱ्हाईक गेलं हेही खरं. एखाद्या निवांत दुपारी त्यांना एकट्यात सांग, काका, त्या दिवशी ती औषध कधी येणार विचारत होती, मी कोर्स समजले, चूक कळलीय मला, आता आधी विचारून खात्री करते. आणि मागवायच्या औषधाची एक वही काउंटरवर ठेवूया म्हणून सुचव, औषधाचं नाव, गिऱ्हाइकाचा नंबर, कधी येणार ती तारीख. ती वही समोर फिरवून तारखेवर बोट ठेवलं की भाषा कुठलीही असू दे, काम होतं.

तुझी जुनी वही आता काढ. मागच्या कोऱ्या पानापासनं सुरू कर. अर्थ लिहायचे नाहीत, दुकानात कानावर पडलेलं वाक्य लिहायचं, जसं ऐकलं तसं, देवनागरीतच लिही. त्याखाली आपण मराठीत काय म्हणालो असतो ते, आणि सुचलं तर कन्नडमध्ये काय म्हणालो असतो ते. दिवसाला एकच, दोन नको. संध्याकाळच्या बसमध्ये खानापूर येईपर्यंत होऊन जातं. चाळीस अर्थांची यादी तेव्हा उपयोगी पडेल, एखादं वाक्य कळलं नाही की तिच्यात शोध. यादी शोधायला असते. आणि मोबाइलवर बघायचंच असेल तर शिकणाऱ्यांसाठीचे ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे कोश फुकट आहेत, त्यांत अर्थाच्या खाली वाक्यं असतात, तू अर्थ सोडून थेट वाक्यांवर जा.

अजून एक, जमलं तर. त्या कॉलेजच्या पोरींना वॉर्डात मराठी आणि कन्नड पेशंटशी बोलावं लागतं. औषध घेतलं का, किती दिवस झाले, कुठं दुखतंय, हे त्यांना येत नसतं आणि त्याही तुझ्यासारख्याच अडतात. "गोळी घेतली का?" म्हणजे खाल्ली का की विकत आणली का, हा गोंधळ त्यांचा होतो. एखादी रोज येणारी, बोलकी असेल तर तिला एक मराठी वाक्य दे आणि तिच्याकडनं एक इंग्लिश घे.

आणि ती मुलगी परत येणारच, कॉलेज तिथंच आहे, दुकान तिथंच आहे. एक कागद बिलाच्या मशीनला चिकटवून ठेव, त्यावर ‘हाऊ लाँग विल इट टेक’ आणि खाली ‘किती वेळ लागेल’ असं लिही. ती परत काही मागवायला आली आणि तोच प्रश्न विचारला तर कागदाकडं बघायचीही गरज पडणार नाही तुला. "इट टेक्स वन डे. कम टुमॉरो इव्हनिंग." आणि वहीत तिचा नंबर लिहून घे.